सायकलवाटेच्या देखभालीचा निधी आणि प्रायोजकाची अट

प्रश्न:
पन्हाळ्याच्या बाजूची एक माउंटन बायकिंगची वाट आम्ही काही कोल्हापूरकर दर पावसाळ्यानंतर श्रमदानाने दुरुस्त करतो. यंदा एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी करायच्या खर्चातून) निधी देऊ केला आहे. परंतु वाटेला आपले नाव द्यावे आणि स्पर्धेत आपल्याच उत्पादनांची जाहिरात व्हावी, अशी तिची अट असल्यामुळे गटात फूट पडली आहे. काय करावे?

उत्तर 1:
स्वतःच्या उत्पादनांच्या विपणनासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर नियमांतील 2021 च्या दुरुस्तीनुसार सीएसआरमध्ये धरले जात नाही, त्यामुळे कंपनीला हा खर्च जाहिरातीतच दाखवावा लागेल. शिवाय सीएसआर निधी घेणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते आणि तिने सीएसआर-1 हा नोंदणीचा अर्ज भरलेला असावा लागतो. व्हॉट्सॲपवरचा गट (कितीही कष्टाळू असला तरी) त्यात बसत नाही.

उत्तर 2:
वाट वनजमिनीतून जात असेल, तर तिचे नाव विकण्याचा अधिकार तुम्हाला मुळातच नाही. आधी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी.

उत्तर 3:
निधी कशासाठी हवा, हेही ठरवा. वाट मुख्यतः पाण्याने खचते. उतारावर तिरपे चर काढून पाणी बाजूला वळवले आणि ते चर जूनपूर्वी साफ केले, तर निम्मे काम होते. त्यासाठी कुदळ, फावडे, घमेले आणि माणसे पुरतात. पैसा आला की तो टी-शर्ट आणि कमानींवरच जातो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वाट वनहद्दीत येते का, हे उद्याच तपासतो.