फी भरली, पण मेसचं काय? (अनुभव धागा)

निकाल लागला की आठवडाभर पेपरात त्याच बातम्या असतात. आई धुणीभांडी करते, पोरगा इंजिनिअर होणार, पेढा भरवतानाचा फोटो. ऑगस्टनंतर त्या पोराचं काय होतं ते कुणी छापत नाही. म्हणून हा धागा. बीएस्सी असो, बीई असो, ज्यांनी पैशाच्या ओढाताणीत डिग्री केली किंवा अशा मुलांना हात दिला, त्यांनी लिहा. जिद्दीच्या कहाण्या नकोत. कसली मदत, किती रुपयांची, कोणत्या महिन्यात मिळाली आणि कुठली वाया गेली, तेवढं सांगा.

सुरुवात मीच करते. २०१७, इलेक्ट्रिकल. वडील मार्केट यार्डात हमाल. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अर्धी ट्यूशन फी मिळणार होती, पण कॉलेज म्हणालं, आधी पूर्ण भरा, आली की परत देऊ. वडिलांनी पतसंस्थेतून काढून भरली. घरात शिल्लक शून्य, आणि पहिल्याच आठवड्यात ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) सरांनी यादी दिली: ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (बोर्डावर रेघा आखायचं साधन), शीट कंटेनर, वर्कशॉपचा खाकी ड्रेस, ९९१ मॉडेलचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. दोन प्रॅक्टिकल मी मैत्रिणीचं काम होईपर्यंत पेन्सिलीला टोक काढत बसले. तिसऱ्या आठवड्यात हॉस्टेलच्या एका ताईने ड्राफ्टर आणून खाटेवर टाकला. काळी रेक्झिनची पिशवी, चेन तुटलेली, आत स्केचपेनने चार जणींची आद्याक्षरं आणि गावं: जत, सांगोला, करमाळा, परत जत. "पाचवी तू. सेकंड इयरला गेलीस की पुढे दे." शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आला तेव्हा दुसऱ्या सेमचं सबमिशन चालू होतं.

बीड जिल्हा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर, मेकॅनिकल

आमच्या घरी ऊसतोड. फीचे पैसे मुकादमाच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ मजुरीतून आले. आई-वडील म्हणजे एक कोयता, जोडी मिळून एकच मजूर धरतात. दिवाळीच्या आगेमागे गाडी कारखान्याला जाते ती मार्च-एप्रिलला परत येते. आता गंमत बघा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ओटीपी लागतो. माझ्या आधारला नंबर वडिलांचा. वडील कोल्हापूरकडं फडात, फोन कोपीवर (राहायच्या झोपडीत), चार्जिंग मिळालं तर रात्री. मी सायबर कॅफेत बसून फोन लावायचो, उचलला तर वडील म्हणायचे, "मेसेज आलाय बाबा, पण विंग्रजीत हाय." शेजारच्या कोपीतल्या सातवीतल्या पोरीनं आकडे वाचून दाखवले तोवर वेळ संपलेली. असं तीन रात्री. चौथ्या रात्री ती पोरगी फोन हातात धरूनच बसली होती, तेव्हा कुठं अर्ज गेला. ती कुणाची कोण, पण माझ्या डिग्रीतला तिचा वाटा मी विसरलेलो नाही. ती पुढं शिकली का, ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

कॉलेजात शिष्यवृत्ती विभागात काम केलंय, आता निवृत्त

क्लार्कला सगळेच शिव्या देतात, काही वेळा बरोबरही असतात. आमच्याकडे अर्ज महिनामहिना पडून राहायचे हे मी नाकारत नाही, दोन माणसं आणि हजारावर पोरं. पण मुलांनी स्वतः बघायच्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण पैसे बहुतेक इथंच अडकतात.

पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असं धरून चालू नका. आधार ज्या खात्याला जोडलंय त्यात जातात. एका मुलीचे सव्वा वर्ष "जमा" दाखवत होते आणि तिच्या पासबुकात काही नाही. शेवटी निघाले आठवीत शाळेने काढून दिलेल्या झिरो बॅलन्सच्या खात्यात, गावच्या शाखेत. दुसरं, अर्ज "सेंड बॅक" झालाय का ते आठवड्याला बघा. परत आलेला अर्ज कुणी फोन करून सांगत नाही. तिसरं, उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदत वाचा. जूनमध्ये सेतूत (दाखले मिळतात त्या केंद्रात) रांग लागते, त्याआधीच काढून ठेवा.

जुलै २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला असेल तर. मॅनेजमेंट कोट्याला नाही. फार मोठी गोष्ट आहे ही. पण पालक ऐकतात "मुलींना सगळं फुकट", आणि खोली, मेस, बस यांचा हिशेबच करत नाहीत. मग दिवाळीत मुलगी घरी जाते ती परत येत नाही.

पुणे, १९८०चं दशक, सिव्हिल

विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात होतो. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली संस्था. स्वस्त खोली मिळाली हे खरंच, पण माझ्यासारख्या बुजऱ्या पोराला जास्त उपयोग झाला तो आपल्यासारखीच पन्नास पोरं एका छताखाली असण्याचा. चप्पल तुटलीय हे कुणाला दिसायचंच नाही, कारण सगळ्यांचीच तुटलेली. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्यायची, सेम संपली की तिथंच विकायची.

कोल्हापूर, बीएस्सी केमिस्ट्री

धागा इंजिनिअरिंगकडेच चाललाय म्हणून लिहिते. आमच्याकडं परवडत नाही म्हणूनच बीएस्सीला घालतात, आणि मग कुणी विचारत नाही. बारावीला बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञानाला गेलात तर इन्स्पायर शिष्यवृत्ती असते, वर्षाला ८० हजार. त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी. मला हे ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्सच्या मॅडमनी सांगितलं, तेही बसस्टॉपवर, योगायोगानं. त्या दिवशी बस वेळेवर आली असती तर मी आज एमएस्सी झाले नसते, हे मी चेष्टेत नाही म्हणत.

राहायला बोर्डिंग होतं. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासून आमच्या गावाला त्याची सवय आहे, "बोर्डिंगातली पोरगी" म्हटलं की दुकानदार जर्नलचे कागद उधार देतो.

न्यू जर्सी, मूळचा नाशिकचा

देणाऱ्या बाजूने, आणि जरा लाजून. तीन वर्षं मी एका मुलाची फी भरली. जूनमध्ये एकरकमी, आणि मी निवांत. तिसऱ्या वर्षी भारतात आलो तेव्हा त्याला जेवायला घेऊन गेलो. त्याने तिसऱ्यांदा भात मागितला आणि "सर, आज रविवार ना, संध्याकाळी मेस बंद असते" असं हसत म्हणाला. मग हळूहळू बोलला. मेसचं एकच वेळचं कूपन घेत होता. मला फोनवर का सांगितलं नाहीस? "तुम्ही फी देता, वर अजून कसं मागायचं?"

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला तीन हजार थेट मुलाच्या खात्यात. हिशेब मागत नाही, आभाराचं पत्र मागत नाही. ज्या संस्थेमार्फत आधी द्यायचो ते पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकसोबत मुलांना व्यासपीठावर उभं करायचे. एक मुलगी त्या फोटोत चेकच्या मागे तोंड लपवून उभी आहे. तो फोटो मी जपून ठेवलाय.

इंजिनिअरिंग गणित शिकवते, मराठवाडा

पैशाइतकीच भाषा आडवी येते. मराठी माध्यमातून आलेला मुलगा एम-वनला (गणिताच्या पहिल्या पेपरच्या तासाला) गप्प बसतो, आम्हाला वाटतं त्याला येत नाही. मी आता ओरलला (तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न मराठीत विचारते. एकाला विचारलं, डेरिव्हेटिव्ह म्हणजे रे काय? म्हणाला, "मॅडम, विकलज? ते येतं की." आणि धडाधड सांगत सुटला. बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षक माझ्याकडे बघत राहिले.

नाव-गाव नको

मी सेकंड इयरला सोडलं. फी भरलेली होती. चौदाशे रुपये मेसची थकबाकी होती, आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर ताट काढून घेतलं. आज स्वतःचं वर्कशॉप आहे, बरं चाललंय. पण चौदाशे.

धागाकर्ती

वरचं वाचून थोडा वेळ काही टाइप झालं नाही.

बीडच्या दादा, त्या मुलीबद्दल विचारा. आणि निवृत्त काका, दाखल्याची आणि आधारची माहिती एका पानात लिहून द्याल का? आमच्या तालुक्यातल्या सेतूबाहेर लावते, तिथल्या झेरॉक्सवाल्याशी बोलून झालंय.

माझ्याकडे आत्ता तीन ड्राफ्टर आणि दोन बोर्ड पडून आहेत. एका ड्राफ्टरचा स्क्रू ढिला आहे, पण घट्ट धरला की रेघ सरळ येते. सांगली-मिरजेकडे कुणाला हवे असतील तर खाली लिहा. पिशवीवर नाव टाकायचं, एवढीच अट.