येळवसेच्या शेतात भेंड्या आणि कोडी ‘कालबाह्य’ कशी काय ठरली?

रेणापूरकर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात जाऊन पूजा आणि जेवण करण्याचा आमच्याकडचा सण, जवळ आल्याचे निमित्त साधून ‘फोनविना’ या नावाने लिहिणाऱ्या सदस्याने परवा एक टिपण टाकले. शेतात रेंज मिळत नाही, तेव्हा हातात काहीही न घेता, केवळ बोलून खेळता येतील असे काही खेळ त्यात सुचवले आहेत. स्वतःविषयी दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगून खोटी ओळखायला लावणे, ‘मी कधीच असे केले नाही’ म्हणत, ज्याने केले असेल त्याला बोट खाली करायला लावून इतरांकडून कबुल्या काढणे, दोन अडचणींपैकी एक निवडायला लावणे आणि माफिया, म्हणजे आपल्यातच लपलेले गुन्हेगार बोलण्यावरून ओळखणे, असे ते खेळ आहेत. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती. परंतु जाता जाता त्यांनी ‘भेंड्या आणि कोडी हा आजोबांच्या काळातला वेळकाढूपणा असून त्यात पाठांतराखेरीज काही नसते’ असे एक वाक्य टाकले. त्या वाक्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

पाठांतर ही शिवी कधीपासून झाली? येळवसेला बैलगाडीतून शेताकडे जाताना आमचे चुलते ‘सात औट (म्हणजे साडेतीन) किती?’ असे विचारत आणि ‘साडेचोवीस’ हे उत्तर पुढचा खड्डा येण्याच्या आत द्यावे लागे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे सगळे त्या वाटेवर व्हायचे, आणि ‘तेरा अडीच’ला ‘साडेबत्तीस’ म्हणणारे पोर दिवसभर ताठ मानेने फिरायचे. मी पुढे आयुष्यभर गणित शिकवले ते त्याच शिदोरीवर.

राहता राहिली कोडी. ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली’ हे कोडे ज्याने प्रथम घातले, त्याने भेंडी किती जवळून पाहिली असेल याचा विचार करावा. तोडताना बोटांना टोचणारी लव आणि चिरल्यावर ओळीने बसलेले दाणे या दोन गोष्टी त्याने पकडल्या आहेत. यात पाठांतर कोठे आहे? पाठ असेल तर कोडे मुळात कोडेच उरत नाही.

आणि ज्यांना कबुल्यांचे खेळ प्रिय आहेत त्यांना एकच विचारतो. आमच्या खोपीपाशी सख्खे-चुलत भाऊ, जावई, सालगडी, शेजारचे बांधकरी अशी सगळी माणसे बसलेली असतात. ‘मी कधीच कोणाची उधारी बुडवलेली नाही’ असे म्हटल्यावर कोणाचे बोट खाली गेले, हे दिवे लागणीच्या आत पारावर पोहोचलेले असते. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत एकमेकांना न ओळखणाऱ्या चौघांना ओळख वाढवण्यासाठी हा खेळ ठीक असेल. आमच्याकडे ओळख आधीच नको तितकी आहे.

फोनविना

सर, एका वाक्यावर आपण एवढे लिहिलेत, तेव्हा त्या वाक्यात काहीतरी लागण्यासारखे नक्कीच असावे.

माझे घर बंजारा तांड्यावरचे असून घरात गोरमाटी बोलली जाते. शाळेच्या सहलीत गाण्यांच्या आणि श्लोकांच्या भेंड्या सुरू झाल्या की दोन्ही गट मला आपल्यात घ्यायला नाखूश असत, कारण ज्या ओव्या आणि भूपाळ्या इतरांच्या कानावर पाळण्यापासून पडलेल्या होत्या, त्या मी चौथीत पहिल्यांदा ऐकल्या. मला आमच्या घरची गाणी भरपूर येत होती, परंतु ‘ते चालणार नाही’ असे सांगण्यात आले. ज्याला आपण शिदोरी म्हणता ती काहींच्या घरूनच बांधून दिलेली असते आणि बाकीच्यांनी खिडकीतून बाहेर पाहत बसायचे असते.

माफियात असे होत नाही. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६ साली हा खेळ रचला. त्यात कोणाच्या घरी काय गायले जात होते याला काडीचीही किंमत नाही. समोरचा खोटे बोलत आहे की नाही एवढेच ओळखायचे असते आणि ती विद्या तांड्यावरही आहे, वाड्यातही आहे.

कबुल्यांच्या खेळाबाबत आपले म्हणणे मान्य करतो. ज्या गावात उधारी बुडवणारे इतके असतील तिथे तो खेळू नये.

गोदाकाठची

दोघांच्याही लिखाणात ‘खेळणारे’ कोण आहेत हे मी शोधत होते. येळवसेच्या आदल्या रात्रभर भज्जी आणि उंडे करायचे, पहाटे आंबिलाची घागर डोक्यावर घेऊन शेत गाठायचे, पूजा झाली की आल्यागेल्या प्रत्येकाला वाढायचे, आणि हे सगळे उरकेपर्यंत उन्हे उतरलेली असतात. मग खोपीतून हाक येते, ‘वहिनी, एक उखाणा होऊन जाऊ द्या.’ लग्न झाल्यापासून ही हाक ऐकत आले आहे. त्यात डाव नाही, हार-जीत नाही, आणि नकार देण्याची सोयही नाही. त्यामुळे तोंडी खेळांची परंपरा म्हणून कोणी उखाण्याचे गोडवे गाणार असेल, तर त्याने आधी स्वतः चारचौघांत नाव घेऊन दाखवावे आणि मग लिहावे.

आता मुद्द्याचे. वीस प्रश्नांत वस्तू ओळखण्याचा खेळ ‘फोनविना’ यांच्या यादीत नाही याचे मला आश्चर्य वाटले, आणि तो परका आहे असे कोणी म्हणू नये म्हणून सांगते की आम्ही मुली तो भुलाबाईच्या खिरापतीवर खेळत मोठ्या झालो. जिच्या घरी खिरापत असे ती डबा कानाशी वाजवून दाखवी आणि आम्ही विचारत असू : गोड की तिखट? कोरडे की ओले? तळलेले की भाजलेले? डाळीचे की पिठाचे? पहिल्याच दमाला ‘शंकरपाळी का गं?’ म्हणणारी मुलगी कच्ची समजली जाई, कारण त्या प्रश्नाने एकच पदार्थ बाद होतो, तर ‘गोड की तिखट’ने निम्मे घर बाद होते. प्रत्येक प्रश्नाने निम्मे बाद होत गेले तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतली एक ओळखता येते, हे मला पुढे संगणकाच्या वर्गात शिकवले गेले. आईला ते हिशेबाशिवायच येत होते आणि तिने मुद्दाम करंजीत तिखट सारण भरून आमच्या सगळ्या वाटण्या मोडल्या होत्या.

(डबा हे साधन आहे की नाही यावर इथे कोणीतरी वाद घालणारच. घालावा.)

खोली क्रमांक नऊ

लातूरच्या वसतिगृहात दोन वर्षे राहिलो आहे. कोणते ते सांगत नाही. फोन जमा करून घेतला जाई आणि तो रविवारी संध्याकाळी घरी बोलण्यापुरता मिळे. तेथे आम्ही ना श्लोक म्हटले ना कबुल्या दिल्या. आम्ही मूलद्रव्यांच्या भेंड्या खेळत होतो. ‘सोडियम’ म्हटले की म आला, ‘मॅग्नेशियम’ म्हटले की पुन्हा म आला. म वरून मॅग्नेशियम, मँगनीज, मर्क्युरी, मोलिब्डेनम, मेंडेलेव्हियम, माइटनेरियम आणि मॉस्कोव्हियम इतकीच नावे आहेत, आणि बहुतेक सगळी गाडी म वरच थांबते, म्हणून मँगनीज कोणी कधी बाहेर काढायचे यावर सगळा डाव असे. पाठांतर सगळ्यांचे सारखेच होते, त्यामुळे जिंकायचे ते राखून ठेवण्यावर. हे बुद्धीचे काम नाही असे ‘फोनविना’ यांना म्हणायचे आहे काय?

माफियाविषयी एक अनुभव. शेतात तो खेळून पाहिला आहे. सगळ्यांनी डोळे मिटले तरी वाळलेल्या कडब्यावरून चालणाऱ्या सूत्रधाराची पावले स्पष्ट ऐकू येतात आणि तो कोणाच्या डोक्याला हात लावून, म्हणजे कोणाला माफिया ठरवून, आला हे न पाहता कळते. खेळायचाच असेल तर नांगरटीत बसावे.

रेणापूरकर

‘फोनविना’ यांनी सांगितलेला सहलीचा प्रसंग वाचून वाईट वाटले, परंतु तो दोष भेंड्यांचा नसून ‘ते चालणार नाही’ म्हणणाऱ्यांचा आहे. १९९३ साली झी टीव्हीवर अंताक्षरी सुरू झाली आणि त्यानंतर हिंदी सिनेमाबाहेरचे काही म्हटले की पोरे तोंडे वाकडी करू लागली. मराठी श्लोकांनाही तेव्हापासून ‘ते चालणार नाही’ हेच ऐकावे लागत आहे. असो. गाणी नकोत तर गावांच्या भेंड्या खेळा. गाव तर तांड्यावरच्या माणसालाही माहीत असते आणि वाड्यातल्यालाही.

जुना डेपो

मी एसटीत वाहक म्हणून नोकरी केली असून गावांच्या भेंड्यांत मला हरवणारा माणूस अद्याप भेटलेला नाही, म्हणून या विषयावर अधिकाराने लिहितो. या खेळातला खरा पेच असा की आपल्या भागात र चा नुसता सडा पडला आहे. लातूर, उदगीर, देगलूर, चाकूर, धारूर, जिंतूर, भोकर, तुळजापूर, गंगापूर, वैजापूर, कोठूनही निघा, र वरच उतरता. समोरच्याने र दिला की मी ‘रेणापूर’ म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा र जातो, आणि त्याला राजूर आठवले तर र माझ्याकडे परत येतो. पूर्वी ‘औरंगाबाद’ म्हटल्यावर द येई, कोणी घाईने ‘दौलताबाद’ म्हणे आणि द परत मिळे, त्या डावात रंगत होती. नाव बदलल्यापासून तेथेही र आला आहे. सरकारने अक्षराचा विचार करायला हवा होता.

देवगिरी पायथा

सरकारने अक्षराचा विचार करायला हवा होता, हे वाक्य आपण गंभीरपणे लिहिले आहे की विनोदाने, हे कृपया स्पष्ट करावे. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत झाली आहेत. खेळ असला तरी बाद झालेले नाव चालवून घेणे म्हणजे मागच्या दाराने ते जिवंत ठेवणे होय. आणि द चीच हौस असेल तर खुलताबाद आणि जाफराबाद अजून नकाशावर आहेत.

जुना डेपो

माझे वडील अंबाजोगाईला अखेरपर्यंत मोमिनाबाद म्हणत आणि म्हणून त्यांच्या भक्तीत तसूभरही फरक पडला नव्हता. ते योगेश्वरीच्या दर्शनाला न चुकता जात. मी नामांतराविरुद्ध एक अक्षर लिहिलेले नाही, मी भेंड्यांविषयी लिहिले. उलट मला एक शंका आहे, तिचे उत्तर आपण द्यावे : ‘छत्रपती संभाजीनगर’ हे छ वर धरायचे की स वर? छ वर धरले तर ते कधी उपयोगी पडणार नाही, कारण छ ने संपणारे एकही गाव माझ्या मार्गावर आलेले नाही.

देवगिरी पायथा

तिकिटे फाडल्याने इतिहास कळतो असे नाही. नाव पूर्ण घ्यायचे, छ वर धरायचे, उपयोगी पडो वा न पडो.

जुना डेपो

तिकिटे फाडली म्हणूनच आपण घरी पोहोचलात. ज्यांना नाव पूर्ण घ्यायचे आहे त्यांनी ‘परळी वैजनाथ’ आणि ‘औंढा नागनाथ’ हेही पूर्ण घ्यावे, म्हणजे दोन्हीकडून थ मिळेल आणि थ वरून कोणते गाव सांगता तेही पाहू.

खोली क्रमांक नऊ

धाराशिवच्या बाबतीत तर डेपोकाकांनी आनंदच मानायला हवा. जुन्या नावाने द येई, आता व येतो. व वरून मी ‘वेरूळ’ म्हणणार आणि ळ पुन्हा ‘धाराशिव’ म्हणणाऱ्याच्याच गळ्यात पडणार. एवढा मोठा सापळा नामांतराने फुकटात मिळाला आहे.

गोदाकाठची

येळवसेला काय खेळायचे या प्रश्नावरून आपण सगळे राजपत्रावर पोहोचला आहात. हेच खोपीत झाले असते तर आतापर्यंत दोन भाऊ वेगवेगळ्या बांधांवर जाऊन बसले असते आणि दोघांनाही आंबील आम्हीच नेऊन दिले असते. माझी सूचना अशी की गावे भेंड्यांत घेण्याऐवजी वीस प्रश्नांत घ्यावीत, म्हणजे नावाचा प्रश्नच उरत नाही. ‘गोदावरीच्या दक्षिणेला आहे काय?’ या एका प्रश्नाने मराठवाडा दुभागतो. ‘ज्योतिर्लिंग मानतात काय?’ याला ‘होय’ आले की वेरूळचे घृष्णेश्वर आणि औंढा उत्तरेला राहतात आणि परळी हाताशी येते. यात कोण कोणत्या नावाने काय म्हणतो याच्याशी कोणाला देणेघेणे नाही, आणि तांड्यावरच्या माणसालाही गोदावरी कोणत्या बाजूला आहे हे माहीत असते.

फोनविना

ताई, हा खेळ माझ्या यादीत घेतो. सरांच्या भेंडीच्या कोड्यालाही जागा देतो, कारण ते मला सुटले नव्हते आणि न सुटलेल्या गोष्टीला पाठांतर म्हणणे मला शोभणार नाही. पाढे मात्र घेणार नाही. सुटीच्या दिवशी ‘तेरा अडीच’ विचारणाऱ्या माणसाशेजारी मी बसणार नाही, मग तो कितीही आदरणीय असो.

गावांच्या भेंड्यांबाबत आधी एक ठरवा. डेपोकाकांनी ‘पैठण’ किंवा ‘परभणी’ म्हटले की ण येतो, आणि ण वरून गाव नाही. हा खेळ आहे की फसवणूक?

जुना डेपो

ण च्या जागी न घ्यावा, नांदेड, निलंगा, नळदुर्ग, नायगाव अशी वाटेल तितकी गावे मिळतील, आणि ळ च्या जागी ल घ्यावा. परंतु ही सवलत एका डावात एकदाच मिळेल. ज्याच्यावर दुसऱ्यांदा पैठण येईल त्याने उठावे आणि गोदाकाठच्या ताईंच्या हातातली पळी घेऊन पुढची पंगत स्वतः वाढावी.

गोदाकाठची

मंजूर. पहिल्या डावात मी डेपोकाकांच्या विरुद्ध बसते आहे, आणि माझ्याकडे पैठण आणि परभणी दोन्ही आहेत.