'बाल अत्याचार' लिहू, मार लिहू की जाच लिहू?

नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय आणि जरा घाई आहे. आम्ही काही शिक्षिका मिळून पालकसभेत वाटायला आठ पानांची पुस्तिका करतोय, घरात होणाऱ्या मारहाणीवर, मुलांच्या आणि आईच्यापण. चाइल्ड ॲब्यूजला मी सगळीकडे 'बाल अत्याचार' लिहिलं होतं. मसुदा शेजारच्या काकूंना वाचायला दिला तर अर्धं पान वाचून म्हणाल्या, अगं असलं काही आपल्या वस्तीत होत नाही. आणि त्यांच्याच भिंतीपलीकडे एक पोरगं जवळजवळ रोज रात्री मार खातं, ते त्यांनाही ऐकू येतं आणि मलाही. मग लक्षात आलं की अत्याचार म्हटलं की त्यांच्या डोक्यात फक्त लैंगिक तेवढंच येतं, पेपरात तसंच छापतात ना. मग पट्ट्याने मारणं, उपाशी कोंडून ठेवणं, 'तू जन्मलासच कशाला' असं रोज ऐकवणं, या सगळ्याला मिळून काय म्हणू?

—

ताई, 'जाच' चालेल का बघा. त्याचा जोडीदार 'काच', तोपण मला आवडतो. परकराची नाडी काचते म्हणतो ना आपण, ती रात्री सैल केली तरी कमरेवर वळ राहतो, आणि वर्षानुवर्षं काचत राहिली तर तिथली कातडीच काळी पडते. नंतर राहणारा परिणाम त्या एका शब्दात आहे.

पण अडचण अशी की हे सगळे शब्द सुनेचे. जाच, काच, छळ, सासुरवास. बायका पहाटे जात्यावर बसून एकमेकींना सांगत होत्या, ओव्यांमधून गात होत्या म्हणून ते शब्द घडले आणि टिकले. लेकरांना असं जातं कुठे मिळालं? त्यांच्या मारासाठी जे शब्द आहेत ते सगळे मारणाऱ्याकडून आलेत. शिस्त, वळण, धाक, समज देणे, आणि हसतहसत 'प्रसाद'. क्रियापदं बघा, झोडपणे, कुटणे, धोपटणे, चोपणे. भात झोडतात, मिरची कुटतात, कपडे धोपटतात, जमीन चोपतात, तेच पोराला.

—

चर्चा चांगली आहे पण सगळ्याच माराला अत्याचार, जाच म्हणायला लागलो तर अवघड आहे. आम्हाला मास्तरांनी निरगुडीच्या फोकाने फोडलंय, घरी वडिलांनी वेगळं. काही बिघडलं नाही. घरात कुणाचा तरी धाक लागतोच, आणि धाक हा चांगला शब्द आहे, त्याला बदनाम करू नका.

—

काका, तुमच्या अनुभवाबद्दल मी काय बोलणार, पण धाक या शब्दाबद्दल बोलतो. धाक नेहमी मारणाऱ्याच्या नावाने असतो, बापाचा धाक, मास्तरांचा धाक. ज्याच्या पोटात तो जाऊन बसतो त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे, धसका. आणि तोसुद्धा आपण 'घेतला' म्हणतो, 'पोराने धसकाच घेतलाय', म्हणजे जसं काही त्यानेच हौसेने घेतला.

मी आता 41 वर्षांचा आहे. वडील नऊच्या सुमाराला यायचे. स्कूटर स्टँडवर चढवल्याचा आवाज आला की बहीण टीव्ही बंद करायची, आई पदराला हात पुसत ओट्यापाशी उभी राहायची, आणि आम्ही तिघं स्टँड किती जोरात आपटला त्यावरून आज काय होणार ते ओळखायचो. आधी आईचा नंबर, मग माझा. वडील जाऊन बारा वर्षं झाली, सोसायटीत कुणी गाडी स्टँडवर लावली की मी अजून बोलता बोलता थांबतो, बायकोला आता माहितीये, ती फक्त पाण्याचा ग्लास पुढे करते.

आणि एक शब्द मला कायमचा चिकटला होता, 'कोडगा'. मी रडायचो नाही म्हणून. घरी, शाळेत, मामाकडे, सगळीकडे 'मार खाऊन खाऊन कोडगा झालाय'. रडलं की जास्त बसायचे म्हणून मी रडणं थांबवलं होतं, ते कुणी विचारलंच नाही. कोडगा म्हणजे निर्लज्ज, काही न वाटणारा, असंच सगळे धरतात. पुस्तिकेत हा शब्द घ्या ताई, आणि असं मूल दिसलं तर त्याच्याशी जरा हळू बोला एवढं लिहा.

—

मी कोर्टात अशी प्रकरणं बघते म्हणून थोडं कायद्याच्या शब्दांवर. 1983 साली दंडविधानात, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बाईला छळण्याबद्दल, कलम 498अ आलं त्यात 'क्रूरता' हा शब्द आहे, आता भारतीय न्यायसंहितेत कलम 85. त्याचं बातमीत 'विवाहितेचा छळ' होतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने मोठी गोष्ट केली, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हे सगळं हिंसेतच धरलं. तरी बाई दारात येऊन काय सांगते, 'मॅडम, थोडं भांडण झालं'. अहो भांडण दोघांचं असतं, हिच्या तर हाताचं हाड मोडलेलं असतं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुलांचं म्हणाल तर बालन्याय कायद्याच्या, 2015 च्या, कलम 75 मध्ये मुलाला मारणं, छळणं तर आहेच, हेळसांडही आहे, आणि ते आईबापांनाही लागू आहे. इथे शब्द जपून निवडा. आबाळ 'होते', हेळसांड कुणीतरी 'करतं'. तसंच अतिप्रसंग 'झाला', मार 'खाल्ला', या वाक्यांत करणारा माणूसच गायब असतो.

पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या कायद्यात, मला सगळ्यात आवडणारी तरतूद ही की मुलाचा जबाब ते जसं बोललं तसाच लिहून घ्यायचा. 'शूची जागा' म्हणालं तर 'शूची जागा' लिहायचं. आपण मोठे शब्द घातले की मुलाला स्वतःचंच म्हणणं ओळखू येत नाही.

आणि ताई, शब्दाचं नंतर, भिंतीपलीकडच्या पोराचं काय केलंत? 1098 ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

—

वरच्या 'काही बिघडलं नाही' वर फक्त एक. 1998 साली अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा अभ्यास आला, नऊ हजारांहून जास्त मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलं होतं. घरात जितके जास्त प्रकार सोसलेले तितकं पुढे दारू, नैराश्य, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त निघालं. आईला मारताना बघणं हासुद्धा त्यात एक प्रकार होता. शब्दांच्या दृष्टीने गंमत अशी की बरेचसे प्रश्न 'तुमच्यावर अत्याचार झाला का' असे नव्हतेच. ढकललं का, थोबाडीत मारली का, काही फेकून मारलं का, असे होते. नामाऐवजी क्रियापदं.

—

फोकाचं मीच लिहिलं होतं. कालपासून डोक्यात आहे म्हणून सांगतो, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, सातवीत थोबाडीत बसली होती तेव्हापासून. 'काही बिघडलं नाही' म्हणताना ते मी धरलंच नव्हतं. धाक शब्दाबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण ताईंनी धसका जरूर घ्यावा.

—

सगळ्यांचे खूप आभार. 1098 ला काल रात्री फोन केला, हात थरथरत होते, इतके दिवस का नाही केला याचं उत्तर माझ्याकडे नाही. आज दुपारी त्यांची दोन माणसं येऊन गेली, परत येणार आहेत.

मसुदा बदलला. 'बाल अत्याचार' मुखपृष्ठावरून काढला, आत कायद्याच्या पानावर ठेवलाय. पहिल्या पानावर आता सरळ प्रश्न आहेत, घरी कोण मारतं, कशाने मारतं, जेवण बंद करतं का, आईला मारताना तू कुठे असतोस, कुणाचा आवाज आला की पोटात गोळा येतो. कोडगा आणि धसका, दोन्हींना अर्धं अर्धं पान दिलंय.

एक अडलंय. पुस्तिका वर्ध्यालाही जाणार आहे, तिकडची लेकरं 'पोटात गोळा येतो' असंच म्हणतात की दुसरं काही? विदर्भातलं कुणी असेल तर तिकडची पोरं बोलतात तसंच लिहा, शुद्ध करू नका.