कटात टिकणारा चटणीचा ब्रेड

विषय: मिसळीसाठी घरचा ब्रेड, कोल्हापुरातून

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यासाठी माहेरी आले आहे, मंगळवार पेठेत. मागच्या वेळी मंडळाच्या मिसळीला आपण पाव ठेवले, ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. आपल्या कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस असतात. कटात बुडवला तरी गळून पडणार नाही आणि ज्याला स्वतःची चव असेल असा ब्रेड घरीच करायचा, म्हणून आईच्या ओव्हनमध्ये आतापर्यंत सहा वेळा भाजून पाहिला.

अर्धा किलो मैदा, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 10 ग्रॅम मीठ, साधारण 310 मिली कोमट पाणी, दोन चमचे तेल. इथवर सोपं आहे. खरी परीक्षा चटणीची. (आपली कांदा-लसूण चटणी. तिकडच्या पाकिटांवर तिलाच मसाला म्हणतात.)

पहिल्यांदा दोन मोठे चमचे चटणी पिठातच मळली. दोन तास झाले तरी गोळा जागचा हलला नाही. चटणीत मीठ असतंच, त्यावर मी माझं पूर्ण मीठ घातलेलं, आणि मीठ वाढलं की यीस्ट मंदावतं. पुढच्या खेपेला मीठ 6 ग्रॅमवर आणलं. ब्रेड छान फुगला, पण चटणी सगळीकडे पसरून फिकी पडली. मग आठ पाकळ्या कच्चा लसूण ठेचून घातला. पीठ मळता मळता सैल पडून हाताला चिकटायला लागलं. मैदा वाईट निघाला असं वाटून मी वरून आणखी पीठ टाकत बसले. दोष मैद्याचा नव्हता. कच्च्या लसणातली गंधकाची द्रव्यं ग्लुटेनची जाळी सैल करतात, यीस्टलाही त्रास देतात. लसूण तेलात गुलाबी परतून घातला की हे होत नाही.

आता जमतो तो असा. साधं पीठ एकदा दुप्पट फुगू द्यायचं, मग लाटायचं. चटणी चमचाभर तेलात कालवून अगदी पातळ पसरायची, कडेला बोटभर जागा सोडायची आणि घट्ट गुंडाळी करून शिवण खाली ठेवायची. थर जाड झाला तर पदर सुटतात, आत पोकळी राहते. चटणी वर उघडी राहिली तर करपून कडू लागते. टिनच्या काठावर बोटभर आला की 200 अंशांवर 35 मिनिटं. गरम असताना कापू नका, आत चिकट राहतो. आदल्या दिवशी भाजलेला उत्तम.

काल सकाळी कापला. पांढऱ्या स्लाइसमध्ये लालभडक चक्री, तिच्यात तीळ दिसत होते. आईने अर्धा स्लाइस कटात पूर्ण बुडवला, दहापर्यंत मोजलं आणि उचलला. कोपरा शाबूत होता. ती काही बोलली नाही, दुसरा अर्धाही बुडवला.

कोल्हापूरहून

उत्तर:

अगं, वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. एक विचारतो. मी तुझ्या काकूसाठी गुळाचा ब्रेड करून पाहिला. पाव किलो कणकेला 100 ग्रॅम गूळ, वर दालचिनीची पूड चांगली चमचाभर. वीट झाली. खपली गव्हाचं पीठ वापरलं होतं, ते चुकलं का?

उत्तर:

काका, तिन्ही गोष्टी एकदम आल्या. खपलीचं ग्लुटेन कमजोर, त्यामुळे निम्मा तरी मैदा घ्या. गूळ खूप झाला. एवढ्या गोडात यीस्टमधलं पाणीच ओढलं जातं. पाव किलोला 20 ग्रॅम पुरे, कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाला कचरा राहतो. दालचिनी यीस्टला मारक आहे, ती पिठात नको, चटणीसारखी गुंडाळीत भरा. पिठात सुंठ-वेलची घाला, गुळाला तीच शोभते.

दूध घालणार असाल तर उकळी येईपर्यंत तापवून निववा. इथे मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं ताजं दूध तसंच घातलं होतं, ब्रेड बसका झाला. न तापवलेल्या दुधातली प्रथिनं पीठ ढिलं करतात.

लक्ष्मीपुरीतून गूळ आणि घरची दोन किलो चटणी सामानात घेते आहे. पन्नास माणसांना माणशी तीन स्लाइस धरले तर दहा ब्रेड लागतील. माझ्याकडे टिन दोनच आहेत. कुणाकुणाकडे आहेत ते इथेच कळवा.