बेसाल्टच्या प्रदेशालगत मुंबई हायचे तेल आले कोठून?

प्रश्न – सह्यवासी
महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे आणि खनिज तेल तर गाळाच्या खडकांत तयार होते, असे आपण शिकलो. मग 1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात, मुंबई हाय या क्षेत्रात, केलेल्या खोदाईत तेल लागले ते कसे? डायनोसॉरच्या अवशेषांचे तेल झाले, हे ऐकीव उत्तर मला पटत नाही.

प्रतिसाद – भूस्तर
ते पटण्यासारखे नाहीच. तेलाचे मूळ मुख्यतः शैवाल, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव) आणि काही ठिकाणी वनस्पतींचे अवशेष यांत असते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचल्यानंतर किनाऱ्यालगतचा भाग खचत गेला आणि बेसाल्टवर हजारो मीटर गाळ बसला. त्यातील ‘पन्ना’ या थराच्या शेलमधील, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकातील, सेंद्रिय द्रव्याचे आधी केरोजेन हे घन सेंद्रिय द्रव्य झाले आणि पुरेशा खोलीवर, साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअस तापमानात, त्यातून तेल सुटले. हे तेल खोलगट भागांतून वर सरकत मुंबई हायच्या उंचवट्यावरील मायोसीन काळातील (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) सच्छिद्र चुनखडीत अडकले.

प्रतिसाद – शंकेखोर
परंतु तेथील काही विहिरींत भेगाळलेल्या बेसाल्टमध्येही तेल सापडले आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1877 मध्ये मांडलेली कल्पना, म्हणजे खोलवरच्या लोहाच्या कार्बाइडवर पाण्याची क्रिया होऊन तेल बनते, ही बरोबर असू शकत नाही का?

प्रतिसाद – भूस्तर
तेल जेथे सापडते तेथेच ते जन्मले असे नसते. शेजारच्या गाळातून ते बेसाल्टच्या भेगांत शिरू शकते. निर्णायक पुरावा तेलाच्या रासायनिक रचनेत आहे. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारे पॉर्फिरिन रेणू शोधले, म्हणजे तेलाचे मूळ सजीवांत आहे. ते तीव्र उष्णतेत टिकत नाहीत, त्यामुळे तेल फार तापलेल्या खडकांत बनलेले नाही, हेही त्यातून दिसते.

प्रतिसाद – रसायनी
तेलाच्या रासायनिक रचनेविषयी थोडी भर घालतो. कच्च्या तेलात वजनाने सुमारे 83 ते 87 टक्के कार्बन आणि 10 ते 14 टक्के हायड्रोजन असतो. गंधकाचे प्रमाण मात्र तेलागणिक फार बदलते. मुंबई हायचे तेल हलके व कमी गंधकाचे आहे, पण त्यात मेण, म्हणजे लांब साखळीचे पॅराफिन, भरपूर आहे. अशा तेलाला जमिनीवरील वनस्पतींचा वाटा बहुधा कारणीभूत असतो. व्यवहारात याचा त्रास असा की तेल थंडावले की मेण गोठते आणि तेलवाहिनीच्या आतल्या भिंतींवर साचते.