आयबीआर झालेली गाय बरी झाली, तरी अहवाल पॉझिटिव्ह का येतो?

प्रश्न
नमस्कार. आमच्या गोठ्यात अकरा संकरित गाई आहेत. गेल्या आषाढात बाजारातून आणलेल्या एका गाईला ताप भरला, तिच्या नाकपुड्या आतून लालभडक झाल्या, नाकातून घट्ट शेंबूड वाहू लागला. पण आठवड्याभरात ती सावरली. दीड महिन्याने तिच्या शेजारच्या दावणीची सहा महिन्यांची गाभण गाय गाभडली आणि तिची वार अडकली. रक्ततपासणीत दोघींना आयबीआर (गाईम्हशींच्या नाक व श्वासनलिकेचा संसर्गजन्य आजार) निघाला. आता दोघीही चांगले दूध देतात, तरी परवाचा अहवाल पुन्हा पॉझिटिव्हच आहे. आजार गेला असेल तर असे का? या गाई ठेवाव्यात की विकाव्यात?

उत्तर १ (पशुवैद्यक)
आजार गेला, विषाणू गेलेला नाही. आयबीआरचा विषाणू हर्पिस कुळातला आहे आणि या कुळाची खरी ओळख हीच, की एकदा शरीरात शिरल्यावर तो जन्मभर मुक्काम करतो. नाकावाटे शिरलेला विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूमधून वर चढून कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत लपतो. तिथे तो नवे विषाणू तयार करीत नाही, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशींना सहसा सापडत नाही. वेत, लांबचा प्रवास किंवा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइडचे इंजेक्शन यांचा ताण पडला की तो जागा होतो आणि गाय वरून ठणठणीत दिसत असतानाही नाकातून विषाणू सोडू लागते. आपली तपासणी विषाणूला नव्हे, तर त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांना (विषाणूशी लढायला शरीराने रक्तात तयार केलेल्या प्रथिनांना) शोधते, आणि ती वर्षानुवर्षे टिकतात.

विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वाहतुकीच्या ताणानेच विषाणू उठतो आणि दुसऱ्याचा गोठा बाधित होतो. डेन्मार्क, स्वित्झर्लंड यांसारख्या देशांनी पॉझिटिव्ह जनावरे काढून टाकून हा रोग संपवला. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी असल्याने तो मार्ग नाही. दोघींची दावण वेगळी करावी, त्यांचे काम शेवटी उरकावे, आणि कोणतेही उपचार घेताना डॉक्टरांना हा अहवाल आधी दाखवावा. विषाणूला बाहेरून चरबीचे आवरण असते, त्यामुळे साबण व साध्या जंतुनाशकांनी तो मरतो. माणसाला हा विषाणू बाधत नाही.

उत्तर २ (कृत्रिम रेतन सेवक)
एक गोष्ट जोडतो. बाधित वळूच्या वीर्यातूनही हा विषाणू जातो, आणि वीर्य साठवतात त्या द्रवरूप नायट्रोजनच्या उणे 196 अंशांत तो मरत नाही, उलट टिकून राहतो. म्हणून गावातल्या वळूकडे गाय नेऊ नये आणि आयबीआरमुक्त वळूंच्याच रेतमात्रा मागून घ्याव्यात. कालवडींची तपासणी सहा महिन्यांच्या आत केल्यास चिकातून आलेल्या आईच्या प्रतिपिंडांमुळे अहवाल फसवा येऊ शकतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गाभडलेल्या गाईला वार अडकली तेव्हा कोणते इंजेक्शन दिले होते, ते मी विचारून घेतो. दिवाळीनंतर आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसतात. त्यांच्यापासून हाच आजार येतो का?

उत्तर १ (पशुवैद्यक)
हा नव्हे, पण मेंढ्यांचा स्वतःचा एक हर्पिस विषाणू आहे. मेंढीला त्याचा त्रास होत नाही. गाईम्हशींत मात्र तोच विषाणू तीव्र ताप, नाकातोंडाचे व्रण आणि कडेकडून पांढरे पडत जाणारे डोळे घेऊन येतो, आणि बहुतेक जनावरे दगावतात. बाधित गाय दुसऱ्या गाईला तो देत नाही; तो मेंढ्यांकडूनच येतो, त्यातही सहा ते नऊ महिन्यांच्या कोकरांकडून अधिक. मेंढ्या शेतात जरूर बसवाव्यात, मात्र गोठ्यापासून आणि गाईंच्या पाण्याच्या हौदापासून चांगल्या लांब.