थर जाड केला की डायोड सुधारतोच असं नाही

सिलिकॉनवर झिंक ऑक्साइडचा थर देऊन केलेल्या डायोडबद्दल (प्रवाह एकाच दिशेने सहज जाऊ देणारा घटक) तुम्ही म्हटलंय की थर जाड केल्यावर रिव्हर्स गळती (उलट दिशेने झिरपणारा प्रवाह) कमी झाली, म्हणजे डिप्लीशनची (दोन पदार्थांच्या सीमेलगतचा, मुक्त विद्युतभार जवळजवळ नसलेला पट्टा) रुंदी वाढली. निष्कर्ष पटत नाही. डिप्लीशन कमी डोपिंगच्या (वाहकता देणाऱ्या अशुद्धीचं प्रमाण) बाजूला जास्त पसरतं. तुमच्या सिलिकॉनचं डोपिंग १०^१६ प्रति घन सेंटीमीटरच्या आसपास आणि ऑक्साइडचं १०^१८ असेल, तर जवळजवळ सगळं डिप्लीशन सिलिकॉनमध्येच, साधारण ०.३ मायक्रॉन. ऑक्साइडच्या वाट्याला जेमतेम काही नॅनोमीटर येतात. मग थर १०० नॅनोमीटरचा असो वा ३००, त्या रुंदीला काय फरक पडणार?

गळती कमी होण्याचं खरं कारण बहुधा सूक्ष्म छिद्रं बुजणं हे असावं. पातळ थरातल्या छिद्रांतून वरचा धातू थेट सिलिकॉनला टेकतो. पडताळा सोपा आहे: एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या क्षेत्रफळाचे कॉन्टॅक्ट (वरच्या धातूचे जोड) घ्या. गळती क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढली तर ती जंक्शनची (दोन पदार्थांच्या सांध्याची). परिघाच्या प्रमाणात वाढली तर कडेची. कशीही विखुरली तर छिद्रांचा संशय धरा.

आणि फॉरवर्ड बाजू (प्रवाह सहज जातो ती दिशा) बघितलीत का? व्होल्टेजविरुद्ध लॉग प्रवाहाचा आलेख सुरुवातीला सरळ चढतो आणि पुढे वाकतो. जाड थरात हा वाक कमी व्होल्टेजलाच दिसू लागला, तर सिरीज रेझिस्टन्स (प्रवाहाच्या वाटेतला जंक्शनबाहेरचा रोध) वाढलाय. आयडियॅलिटी फॅक्टर (डायोड आदर्श वागणुकीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) वाकाच्या आधीच्या सरळ भागातूनच काढा, नाहीतर तो उगाच मोठा येतो. जाडीबरोबर स्फटिककणही मोठे होतात, त्यामुळे थराची रोधकताही बदलू शकते; ती वेगळी मोजलेली बरी.